लुआंटीचा गेम सर्व्हर लिनक्सवर सोर्सपासून कंपाइल करून बसवणे

फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेले व्हॉक्सेल (ठोकळ्यांच्या जगाचे) गेम इंजिन ऑक्टोबर २०२४ पर्यंत मिनीटेस्ट या नावाने ओळखले जायचे, आता त्याला लुआंटी म्हणतात. परवाना एलजीपीएल २.१, भाषा सी++, आणि गेमचे सगळे नियम व मॉड (गेममध्ये भर घालणारे छोटे प्रोग्राम) लुआ या भाषेत. मित्रमंडळींसाठी किंवा शाळेतल्या संगणक कक्षासाठी स्वतःचा गेम सर्व्हर उभारायचा असेल तर याच्यापासून सुरुवात करणे सोयीचे. सोर्स खुला आहे, सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि लहान व्हीपीएसवरही (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरही) तो बरा चालतो.

पॅकेज मॅनेजरमध्ये तयार मिळत असताना कंपाइल का करायचे? मुख्य कारण आवृत्ती. डेबियन १२ च्या भांडारात ५.६.१ आहे, तर नवे गेम आणि मॉड त्यापुढची इंजिने मागतात. शिवाय एकाच मशीनवर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात आणि क्रॅश झाल्यावर नीट बॅकट्रेस (कोड कुठे अडला त्याचा माग) मिळतो. यातले काहीच नको असेल तर सरळ पॅकेज टाका आणि खेळायला लागा.

एक गोष्ट आधीच डोक्यात असू द्या. कंपाइल फसले तर पडद्यावर एरर दिसते आणि ती शोधून सोडवता येते. खरा त्रास देतो तो 'यशस्वी' बिल्ड. एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून सीमेक (बिल्डची मांडणी करणारा प्रोग्राम) तो भाग गाळून मुकाट पुढे जातो, शंभर टक्के पूर्ण झाल्याचे सांगतो, आणि तीन आठवड्यांनी सर्व्हर अडखळायला लागला की आपण मॉडना दोष देत बसतो.

या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायची. डॅश, तिरपी रेघ, अंडरस्कोर, टिंब ही चिन्हे जशीच्या तशी. उदाहरणे डेबियन आणि उबुंटूची आहेत.

लायब्ररी: सक्तीच्या आणि ऐच्छिक

आधी हत्यारे: जी++, मेक, सीमेक, गिट. मग लायब्ररींची डेव्हलपमेंट पॅकेजे. डेबियनमध्ये त्यांची नावे साधारणपणे 'लिब'ने सुरू होतात आणि '-डेव्ह'ने संपतात. झीलिब मात्र 'झीलिब१जी-डेव्ह' या नावाखाली आहे, म्हणून ती शोधताना हमखास निसटते. कर्लची (इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीची) डेव्ह पॅकेजे एकाहून अधिक आहेत, एक जीएनयूटीएलएसवाले आणि एक ओपनएसएसएलवाले. कोणतेही एक घ्या, दोन्ही चालतात. फेडोरावर '-डेव्ह'च्या जागी '-डेव्हेल'.

सर्व्हरपुरते लागते ते असे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जी++ मेक सीमेक गिट गेटटेक्स्ट लिबएसक्यूलाइट३-डेव्ह झीलिब१जी-डेव्ह लिबझेडएसटीडी-डेव्ह लिबकर्ल४-जीएनयूटीएलएस-डेव्ह लिबजीएमपी-डेव्ह लिबजेसनसीपीपी-डेव्ह लिबलुआजिट-५.१-डेव्ह

इंटरनेटवरच्या बऱ्याच याद्यांत एसडीएल, ओपनजीएल, ओपनएएल, व्हॉर्बिस, फ्रीटाइप हेही असते. ते क्लायंटसाठी. फक्त सर्व्हर बांधायचा असेल तर गाळा. पूर्वी सर्व्हरलाही इर्लिश्ट या ग्राफिक्स इंजिनाच्या हेडर फाइली वेगळ्या आणाव्या लागत. ५.९ पासून ते मूळ सोर्समध्येच सामावले आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतली 'आधी इर्लिश्टएमटी क्लोन करा' ही पायरी दिसली तर सोडून द्या.

आता यातल्या कोणत्या सक्तीच्या? एसक्यूलाइट (डेटाबेस), झीलिब आणि झेडस्टँडर्ड (दोन्ही डेटा दाबून लहान करणाऱ्या). या नसतील तर सीमेक तिथेच थांबतो. जीएमपी आणि जेसनसीपीपी नसतील तर सोर्ससोबत आलेल्या छोट्या प्रती वापरल्या जातात, त्याने फारसे बिघडत नाही. कर्ल नसेल तर सर्व्हर चालतो, पण सार्वजनिक सर्व्हर-यादीत नाव झळकत नाही आणि इंटरनेटवर अवलंबून असलेली मॉड मुकी होतात. लुआजिट (लुआ कोड वेगाने चालवणारा कंपायलर) नसेल तर सोबतचा साधा लुआ ५.१ इंटरप्रिटर जोडला जातो. हीच सगळ्यात महाग चूक. सर्व्हरचा बहुतेक वेळ मॉडचा लुआ कोड चालवण्यात जातो आणि साध्या इंटरप्रिटरवर तो कैक पटींनी मंदावतो.

पोस्टग्रेएसक्यूएल हे मोठे डेटाबेस सॉफ्टवेअर हवे असेल तर लिबपीक्यू-डेव्ह घ्या, आणि तेवढ्याने सीमेकचे समाधान झाले नाही तर पोस्टग्रेएसक्यूएल-सर्व्हर-डेव्ह-ऑल. पण ते खरेच हवे का याचा विचार करा. दहा-पंधरा खेळाडूंच्या सर्व्हरला एसक्यूलाइट पुरते, सांभाळायला सोपे पडते, आणि बॅकअप म्हणजे चार फाइली. नकाशा फार वाढला, किंवा बाहेरच्या प्रोग्रामला चालू सर्व्हरचा डेटा वाचायचा असेल तेव्हा पोस्टग्रेकडे वळा. तेव्हा वळणेही अवघड नाही, ते पुढे येईलच.

वेगळा युझर, वेगळी जागा

सर्व्हर रूटच्या नावाने चालवू नये आणि स्वतःच्या रोजच्या खात्यातूनही नाही. मॉड म्हणजे परक्याने लिहिलेला कोड. लुआंटी त्याला सँडबॉक्समध्ये ठेवतो, पण 'सिक्युअर.ट्रस्टेड_मॉड्स' या सेटिंगमध्ये नाव घातलेले मॉड त्या कुंपणाबाहेर असते. म्हणून:

सुडो युझरॲड --सिस्टिम --क्रिएट-होम --होम-डिर /एसआरव्ही/लुआंटी --शेल /युएसआर/एसबिन/नोलॉगिन लुआंटी

/एसआरव्ही/लुआंटीच्या आत चार गोष्टी ठेवा: प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र डिरेक्टरी, 'गेम्स', 'वर्ल्ड्स', आणि कॉन्फिग फाइल. जग आणि इंजिन एकाच डिरेक्टरीत मिसळले की अपग्रेड करताना हात थरथरतो. यापुढच्या आज्ञा 'सुडो -यू लुआंटी' लावून त्याच युझरच्या नावाने द्यायच्या.

सोर्स आणायचा: टॅग, मास्टर नाही

गिटहबवर सोर्स लुआंटी-ऑर्ग या संस्थेच्या खात्यात 'लुआंटी' नावाने आहे. नुसते गिट क्लोन केले की मास्टर शाखा येते. तिथे काम चालू असते आणि आवृत्तीच्या नावापुढे '-डेव्ह' लागलेले असते. खेळाडूंकडे स्थिर क्लायंट, तुमच्याकडे अर्धवट प्रोटोकॉल, असा मेळ बसत नाही. रिलीज पानावर ताज्या स्थिर आवृत्तीचा टॅग बघा. तो नुसता आकडा असतो, आधी 'व्ही' नसतो:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच ५.१०.० (रिपॉझिटरीचा पत्ता) /एसआरव्ही/लुआंटी/५.१०.०

इथे ५.१०.० हे फक्त उदाहरण. लुआंटी नावाने निघालेली ती पहिली आवृत्ती. तुमच्या वेळची ताजी घाला. '--डेप्थ १' मुळे जुना इतिहास येत नाही, डाउनलोड बरेच कमी होते.

जुळणीचा ढोबळ नियम असा की ५ मालिकेतले क्लायंट ५ मालिकेच्या सर्व्हरला सहसा जोडले जातात. ०.४ मालिकेतले जुने क्लायंट मात्र नाही. २०१९ मध्ये ५.०.० आली तेव्हा तो दुवा तुटला. एखाद्याच्या जुन्या लॅपटॉपवर 'जोडलेच जात नाही' अशी तक्रार आली तर आधी त्याची आवृत्ती विचारा.

सीमेक: इथे घाई करू नका

आवृत्तीच्या डिरेक्टरीत जाऊन:

सीमेक -एस . -बी बिल्ड -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रेलविथडेबइन्फो -डीबिल्ड_सर्व्हर=ट्रू -डीबिल्ड_क्लायंट=फॉल्स -डीरन_इन_प्लेस=ट्रू -डीबिल्ड_युनिटटेस्ट्स=फॉल्स -डीरिक्वायर_लुआजिट=ट्रू

यातले एस, बी आणि डी कॅपिटल, आणि डीच्या पुढचे पर्यायाचे नावही सबंध कॅपिटल. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. 'रेलविथडेबइन्फो' लिहिताना आर, डब्ल्यू, डी आणि आय कॅपिटल. पर्यायाचे स्पेलिंग चुकले तर सीमेक थांबत नाही. शेवटी 'हे व्हेरिएबल वापरलेच गेले नाही' अशी एक ओळ छापतो, आणि ती वर सरकून गेलेली असते.

बिल्ड सर्व्हर मुळात बंद आणि बिल्ड क्लायंट मुळात चालू असतो, म्हणून दोन्ही सांगावे लागतात. क्लायंट बंद करायला विसरलात तर सीमेक एसडीएल किंवा ओपनजीएल मागत बसेल, आणि लोक त्या नादात सर्व्हरवर निम्मे डेस्कटॉप टाकून मोकळे होतात. युनिट टेस्ट गाळल्या की बिल्ड थोडा आटोपशीर होतो. रेलविथडेबइन्फोमध्ये कोड ऑप्टिमाइझ होतोच, शिवाय डीबगची माहिती राहते. फाइल फुगते, वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. डिस्क अगदीच तुटपुंजी असेल तर 'रिलीज' घाला.

'रन इन प्लेस' ट्रू केल्याने इंजिन स्वतःच्याच डिरेक्टरीत सगळे शोधते: बिल्टइन लुआ, गेम, मॉड. लिनक्सवर हा पर्याय मुळात फॉल्स असतो आणि मग 'मेक इन्स्टॉल' करून फाइली /युएसआर/लोकल खाली पसराव्या लागतात. सर्व्हरसाठी मला ते पटत नाही. एक आवृत्ती दुसरीवर सांडते, आणि काढून टाकायची म्हटली तर कुठली फाइल कोणाची हे शोधत बसावे लागते. रन इन प्लेसमध्ये आवृत्ती काढणे म्हणजे एक डिरेक्टरी पुसणे.

आता 'एनेबल' आणि 'रिक्वायर' यातला फरक. 'एनेबल_पोस्टग्रेएसक्यूएल', 'एनेबल_कर्ल', 'एनेबल_लुआजिट' यांचा अर्थ 'मिळाले तर घे' एवढाच. ट्रू लिहून जोर दिला तरी लायब्ररी नसल्यास बिल्ड थांबत नाही. लुआजिटसाठी मात्र 'रिक्वायर' आहे आणि म्हणून तो वरच्या आज्ञेत घातला. बाकीच्यांसाठी आउटपुट डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. आज्ञेच्या शेवटी '| टी सीमेक.लॉग' जोडा आणि त्या फाइलमध्ये 'फाउंड', 'एनेबल्ड', 'नॉट फाउंड' शोधा. कर्ल सापडले का, पोस्टग्रे हवे होते तर त्याचा बॅकएंड चालू झाल्याची ओळ आहे का, जेसनसीपीपी सिस्टिमचे की सोबतचे, हे बघायला दोन मिनिटे पुरतात.

काही कमी निघाले तर पॅकेज टाका, 'बिल्ड' डिरेक्टरी पूर्ण पुसा आणि सीमेक पुन्हा चालवा. पुसण्याचे कारण असे की सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये आधीचे पर्याय साठलेले असतात. आज्ञेतून एखादा पर्याय काढला तरी कॅशमधली जुनी किंमतच चालू राहते.

कंपाइल आणि रॅम

सीमेक --बिल्ड बिल्ड -जे २

जे म्हणजे एकाच वेळी किती फाइली कंपाइल करायच्या. कोअरइतका आकडा घालावा असे सगळीकडे लिहिलेले असते, पण स्वस्त व्हीपीएसवर अडचण कोअरची नसते, रॅमची असते. सी++ ची एखादी जड फाइल एकटीच काही शे एमबी खाते. १ जीबीच्या मशीनवर दोन-तीन अशा फाइली एकत्र आल्या की कर्नल त्यातल्या एका प्रक्रियेचा गळा दाबतो आणि पडद्यावर येते: 'फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस'. कोडमध्ये काही चुकलेले नसते. 'डीमेसेज' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसले की खात्री पटते.

उपाय दोन. '-जे १' करा आणि चहा घेऊन या. तरीही मेला तर २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) बनवा:

सुडो एफॲलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

ब्रेक लागलेला बिल्ड पुन्हा सुरू केला की झालेल्या फाइली सोडून पुढून चालू होतो, सगळे पुसायची गरज नाही.

दुसऱ्या दणकट मशीनवर कंपाइल करून बायनरी आणून टाकायचा मोह होतो. चालते, पण दोन अटींवर: डिस्ट्रोची (डेबियन, उबुंटू वगैरेची) आवृत्ती तीच हवी आणि 'मार्च=नेटिव्ह' हा कंपायलर पर्याय वापरलेला नको. तो घातला की बिल्ड त्याच प्रोसेसरच्या सूचना वापरतो, आणि जुन्या प्रोसेसरवर सर्व्हर सुरू होताक्षणी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडतो.

बायनरीची झडती

बिल्ड संपला की बायनरी सोर्सच्या 'बिन' डिरेक्टरीत येते, बिल्डच्या आत नाही. तिला '--व्हर्जन' विचारा. उत्तरात आवृत्ती, लुआची ओळ, बिल्डचा प्रकार, 'रन_इन_प्लेस' आणि 'यूझ_कर्ल' यांच्या किमती असतात. 'युझिंग लुआजिट' ऐवजी नुसते 'लुआ ५.१' दिसले तर मागे जा. पोस्टग्रेचा उल्लेख इथे येत नाही. त्यासाठी:

एलडीडी बिन/लुआंटीसर्व्हर | ग्रेप पीक्यू

ओळ आली तर पोस्टग्रे जोडलेले आहे. काहीच आले नाही तर नाही, मग सीमेकला कितीही सांगितले असो.

गेमशिवाय सर्व्हर रिकामा

लुआंटी हे इंजिन आहे. सोर्सच्या 'गेम्स' डिरेक्टरीत मिळतो तो डेव्हलपमेंट टेस्ट, म्हणजे इंजिन तपासायचा आखाडा, खेळायचा नव्हे. पूर्वी सोबत येणारा मिनीटेस्ट गेम आता वेगळा आणावा लागतो. जास्त भरीव काही हवे असेल तर व्हॉक्सेलिब्रे, ज्याचे आधीचे नाव माइनक्लोन २. गेम /एसआरव्ही/लुआंटी/गेम्स मध्ये उतरवा आणि प्रत्येक आवृत्तीच्या गेम्स डिरेक्टरीत त्याची सिमलिंक (मूळ जागेकडे बोट दाखवणारा दुवा) द्या. मग '--गेमआयडी लिस्ट' देऊन बघा, सर्व्हरला कोणकोणते गेम दिसतात ते तो छापतो. गेमचा आयडी म्हणजे त्याच्या डिरेक्टरीचे नाव, शेवटचे '_गेम' वगळून. गिटहबवरून झिप उतरवली की डिरेक्टरीच्या नावामागे '-मास्टर' चिकटते आणि मग 'गेम सापडत नाही' असे ऐकावे लागते. नाव बदलले की झाले.

मॉड दोन ठिकाणी ठेवता येतात. जगाच्या 'वर्ल्डमॉड्स' मध्ये टाकलेले आपोआप चालू होतात. 'मॉड्स' मध्ये टाकलेल्यांसाठी वर्ल्ड.एमटी फाइलमध्ये 'लोड_मॉड_नाव = ट्रू' लिहावे लागते.

कॉन्फिग: थोड्या ओळी, पण क्रमाने

कॉन्फिग फाइल /एसआरव्ही/लुआंटी/सर्व्हर.कॉन्फ अशी स्वतंत्र ठेवा आणि '--कॉन्फिग' ने दाखवा. सुरुवातीला एवढे पुरे:

नेम = (तुमचे गेममधले नाव)
पोर्ट = ३००००
सर्व्हर_अनाउन्स = फॉल्स
मॅक्स_युझर्स = १५
डिसअलाउ_एम्प्टी_पासवर्ड = ट्रू
डिफॉल्ट_प्रिव्ह्ज = इंटरॅक्ट, शाउट
मॅपजेन_लिमिट = ४०००

'नेम' मधल्या नावाच्या खेळाडूला सगळे अधिकार मिळतात. खाते मात्र तुम्ही पहिल्यांदा जोडाल तेव्हा तयार होते. त्याआधी दुसऱ्या कोणी त्याच नावाने प्रवेश केला तर पासवर्ड त्याचा आणि राज्यही त्याचे. म्हणून आधी फायरवॉलमध्ये हे पोर्ट इतरांना बंद ठेवून, एसएसएच बोगद्याच्या भरवशावर न राहता (तो टीसीपीचा असतो, गेम यूडीपीवर चालतो), फक्त तुमच्या आयपीला पोर्ट उघडून स्वतः नोंदणी करा. मग जगाला दार उघडा.

मॅपजेन_लिमिट म्हणजे मूळ बिंदूपासून सहाही दिशांना नकाशा किती नोडपर्यंत (ठोकळ्यांपर्यंत) बनू द्यायचा. मुळातली किंमत ३१००७ आहे, आणि चार उत्साही पोरे एकाच दिशेने धावत सुटली की डिस्क भरते. ही किंमत जग तयार होताना त्या जगातच लिहिली जाते. नंतर कॉन्फिगमध्ये बदलून उपयोग नाही, म्हणून पहिल्या सुरुवातीआधीच ठरवा.

पहिल्यांदा हातानेच चालवा:

बिन/लुआंटीसर्व्हर --वर्ल्ड /एसआरव्ही/लुआंटी/वर्ल्ड्स/पहिले --गेमआयडी मिनीटेस्ट --कॉन्फिग /एसआरव्ही/लुआंटी/सर्व्हर.कॉन्फ

'लिसनिंग ऑन' आणि पुढे ३०००० दिसले की सर्व्हर उभा राहिला. कंट्रोल-सी ने बंद करा. हा बंद करण्याचा सभ्य मार्ग आहे, नकाशा लिहून मग तो थांबतो. 'किल -९' ने लिहायचे राहून जाते.

सिस्टिमडीच्या ताब्यात

चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी सिमलिंक करा:

एलएन -एसएफएन /एसआरव्ही/लुआंटी/५.१०.० /एसआरव्ही/लुआंटी/करंट

यातला 'एन' विसरू नका. तो नसेल तर पुढच्या अपग्रेडला नवी लिंक जुन्या डिरेक्टरीच्या आत तयार होते, करंट जुन्याकडेच राहते, आणि 'अपग्रेड केले तरी आवृत्ती तीच कशी' याचा उलगडा होत नाही.

सिस्टिमडी म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम. त्याच्या युनिट फाइलचा सर्व्हिस भाग:

युझर=लुआंटी
वर्किंगडिरेक्टरी=/एसआरव्ही/लुआंटी
एक्झेकस्टार्ट=/एसआरव्ही/लुआंटी/करंट/बिन/लुआंटीसर्व्हर आणि पुढे वरचेच तीन पर्याय
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१०
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस
प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट
रीडराइटपाथ्स=/एसआरव्ही/लुआंटी

कडेकोट बंदोबस्ताच्या नादात 'मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट' हा पर्याय मात्र घालू नका. लुआजिट चालता चालता मशीन कोड बनवून मेमरीत ठेवतो आणि मग चालवतो. हा पर्याय नेमके तेच अडवतो, आणि लुआजिट मिळवण्यासाठी केलेली सगळी खटपट पाण्यात जाते.

सिस्टिमडी थांबवताना सिगटर्म पाठवतो, तोही लुआंटी नीट ओळखतो आणि नकाशा लिहून बंद होतो. त्याला मुळात ९० सेकंद मिळतात. मोठ्या जगाला ते कमी पडत असतील तर 'टाइमआउटस्टॉपसेक' वाढवा.

पोर्ट: यूडीपी, यूडीपी, यूडीपी

'जोडले जात नाही' याचे पहिले कारण टीसीपी ३०००० उघडलेले असणे. हवे ते यूडीपी:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ३००००/यूडीपी

क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते, तिथेही हाच नियम घाला. टेलनेटने तपासणी करू नका, टेलनेट टीसीपी बोलतो. 'एसएस -यूएलपीएन' ने सर्व्हर ऐकतोय का बघा. मग 'टीसीपीडंप -एनआय एनी यूडीपी पोर्ट ३००००' चालू ठेवून मित्राला जोडायला सांगा. पॅकेट दिसत नसतील तर अडथळा वाटेत आहे. दिसत असतील आणि उत्तर जात नसेल तर घोळ तुमच्याच मशीनवर.

घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक अडथळा. आपल्याकडचे बरेच जोड सीजीनॅटमागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. वाटा तीन: कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणे, सर्वांकडे आयपीव्ही६ असेल तर 'आयपीव्ही६_सर्व्हर = ट्रू' करून त्यावर चालवणे, किंवा लहान व्हीपीएस घेणे. पुण्या-नाशिकच्या खेळाडूंसाठी मुंबईतले डेटा सेंटर निवडा. परदेशातला सर्व्हर महिन्याला थोडा स्वस्त पडतो, पण खोदलेला दगड अर्ध्या सेकंदाने गायब व्हायला लागला की कोणी टिकत नाही.

लॅग मोजायचा कसा

गेममध्ये '/स्टेटस' लिहिले की इतर माहितीसोबत 'मॅक्स लॅग' दिसतो. ०.१ सेकंदाच्या आसपास असेल तर सर्व्हर निवांत आहे. एक सेकंदाच्या वर गेला की खेळाडू बोलायला लागतात. मॉडचा लुआ कोड मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे आठ मंद कोअरपेक्षा दोन वेगवान कोअर बरे. लॅग वाढला तर आधी मॉड एकेक बंद करून बघा. मग 'ॲक्टिव्ह_ब्लॉक_रेंज' आणि 'मॅक्स_ब्लॉक_सेंड_डिस्टन्स' खाली आणा. पहिली घटवली की प्रत्येक खेळाडूभोवतीचा 'जिवंत' भाग लहान होतो, दुसरीने पाठवायचा नकाशा कमी होतो.

लॉगमध्ये 'नॉट इनफ मेमरी' दिसते आणि मशीनवर तर रॅम शिल्लक असते, तेव्हा लुआजिटकडे बघा. त्याच्या जुन्या ६४ बिट बिल्डना लुआच्या डेटासाठी पहिल्या १-२ जीबीपलीकडे जाता येत नाही. मोठ्या मॉडपॅकला ती मर्यादा लागते. नव्या डिस्ट्रोतले किंवा स्वतः कंपाइल केलेले ताजे लुआजिट २.१ हा त्यावर उपाय.

बॅकअप आणि अपग्रेड

एसक्यूलाइटवरच्या जगात मॅप, प्लेयर्स, ऑथ आणि मॉड_स्टोरेज अशा डेटाबेस फाइली असतात, शिवाय वर्ल्ड.एमटी आणि मॅप_मेटा.टीएक्सटी. चालू सर्व्हरवर या फाइलींची 'सीपी' ने प्रत काढू नका. लिहिणे चालू असताना उचललेली प्रत उघडेलच असे नाही. एसक्यूलाइट३ च्या कमांडलाइनमधील '.बॅकअप' वापरा, तो चालू डेटाबेसचीही धड प्रत काढतो. घरच्या मशीनला यूपीएस नसेल आणि लोडशेडिंग रोजचे असेल तर बॅकअपही रोजचा हवा.

पोस्टग्रेवर जायचे झाले तर सर्व्हर थांबवा, वर्ल्ड.एमटीमध्ये 'पीजीएसक्यूएल_कनेक्शन' ची ओळ घाला आणि '--मायग्रेट पोस्टग्रेएसक्यूएल' द्या. हे फक्त नकाशाचे झाले. खेळाडू, पासवर्ड आणि मॉडचा साठा यांच्यासाठी '--मायग्रेट-प्लेयर्स', '--मायग्रेट-ऑथ', '--मायग्रेट-मॉड-स्टोरेज' वेगळे चालवावे लागतात आणि प्रत्येकाची कनेक्शनची ओळही वेगळी.

नवी आवृत्ती आली की तिची वेगळी डिरेक्टरी, तिथेच क्लोन, सीमेक, बिल्ड आणि झडती. हे सगळे जुना सर्व्हर चालू असतानाच. मग सर्व्हिस थांबवा, जगाचा बॅकअप घ्या, गेमच्या सिमलिंक द्या, करंट वळवा, सुरू करा. खेळ दोन-तीन मिनिटे बंद राहतो. बिघडले तर करंट मागे वळवता येते, पण जग मागे जाईलच असे नाही. ५.५.० ने नकाशाचे ब्लॉक झेडस्टँडर्डने दाबायला सुरुवात केली आणि ५.५ ने लिहिलेले ब्लॉक ५.४ ला वाचता येत नाहीत. अशा उडीनंतर मागे यायचे तर आधीचा बॅकअपच लागतो.

इंजिनाला हात न लावताही सर्व्हर एके दिवशी 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' म्हणून अडेल, बहुधा डिस्ट्रो अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी. ज्या लायब्ररीशी बायनरी जोडली होती ती आवृत्ती सिस्टिमने काढून टाकलेली असते. जुन्या नावाची सिमलिंक करून फसवू नका, पुढे कुठेतरी क्रॅश होईल. बिल्ड डिरेक्टरी पुसा, सीमेकपासून पुन्हा करा.

आणि तरीही क्रॅश झालाच, तर सिस्टिमडी-कोअरडंप पॅकेज टाकलेले असल्यास 'कोअरडंपसीटीएल जीडीबी' देऊन आत 'बीटी' लिहा. रेलविथडेबइन्फोमुळे फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक दिसतो. बगची तक्रार नोंदवताना तो बॅकट्रेस, '--व्हर्जन' चे पूर्ण उत्तर आणि चालू मॉडची यादी जोडा. मॉड काढून टाकल्यावर क्रॅश थांबत असेल तर तक्रार इंजिनाकडे नाही, त्या मॉडच्या रिपॉझिटरीत करायची.